काळजाशेजारची कलेजी

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग हलत असते, तेव्हा खाटकाच्या ओंडक्यामागे अख्खं शरीरशास्त्र मांडलेलं असतं. कलेजी, दिल, फोपसं, गुर्दे, तिल्ली, वजडी, एका अंगाला मुंडी आणि पाय, पातेल्यात रक्ती. हे सगळे अवयव बोकडाचे असले तरी ते घडण्याची तऱ्हा बोकडात, कोंबडीत आणि माणसात बरीचशी एकच आहे. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पेशींचे तीन पदर तयार होतात आणि पुढे दिसणारं सगळं शरीर त्या तीन पदरांतून उभं राहतं.

शाळेच्या पुस्तकात याचा तक्ता असतो. बाह्यस्तरापासून कातडी आणि मेंदू, मध्यस्तरापासून स्नायू, हाडं, रक्त आणि मूत्रपिंड, अंतःस्तरापासून आतडी, फुप्फुस आणि यकृत. यांनाच एक्टोडर्म, मेसोडर्म, एंडोडर्म म्हणतात. तक्ता बरोबर आहे, पण तो पाठ केला की एक गैरसमज कायमचा डोक्यात बसतो: एक अवयव, एक पदर. खुंटीवरची वजडी हाच गैरसमज खोडून काढते. तिची टॉवेलसारखी खरखरीत आतली बाजू अंतःस्तराची. तिच्याभोवतीची चिवट स्नायूची भिंत मध्यस्तराची. आणि त्या भिंतीत लपलेलं, जनावर जिवंत असताना तिला हलवत ठेवणारं मज्जातंतूंचं जाळं आलेलं असतं थेट बाह्यस्तरातून, पाठीकडून प्रवास करत. एका वजडीत तिन्ही पदर.

मुंडी आणि पाय शेजारी ठेवून पाहिले तर आणखी एक धक्का बसतो. पायाचं हाड मध्यस्तराचं, तक्त्यात सांगितल्याप्रमाणे. जबड्याचं हाड मात्र बाह्यस्तरातून निघालेल्या पेशींनी बनवलेलं असतं. दोन्ही हाडंच, रस्स्यात दोन्ही सारखीच शिजतात, पण मूळ वेगळं. म्हणजे पेशी कुठल्या पदरात जन्मली एवढ्यावर तिचं भवितव्य ठरत नाही. ती पुढे कुठे जाते आणि तिच्या शेजारी कोण येतं, यावर फार काही ठरतं. अवयव कसे घडतात हे समजून घ्यायचं तर या शेजाराकडे लक्ष ठेवावं लागतं.

एका थरातून तीन पदर

पदर म्हटलं की घडीची पोळी डोळ्यांपुढे येते: कणकेची एकच लाटी, घडी घातली की पदर सुटतात. गर्भातही तीन वेगळे थर कुठून आणून एकमेकांवर ठेवलेले नसतात. तिन्ही पदर एकाच थरातून निघतात.

कोंबडीच्या अंड्यात हे सगळ्यात सोपं दिसतं. फलित अंडं घातलं जातं तेव्हाच पिवळ्या बलकावर ३ ते ४ मिलिमीटरची पांढुरकी चकती असते आणि तिच्यात हजारो पेशी झालेल्या असतात, कारण अंडं कोंबडीच्या पोटात जवळपास एक दिवस घालवून बाहेर येतं. उबवण सुरू केल्यावर ६-७ तासांत चकतीच्या एका कडेला पेशींची गर्दी होऊन एक जाडसर रेघ उमटू लागते. हीच आद्यरेषा. १८ तासांच्या सुमारास ती पूर्ण लांबीची होते, जवळजवळ २ मिलिमीटर. वरच्या थरातल्या पेशी दोन्ही बाजूंनी या रेषेकडे सरकतात, तिच्या खाचेत बुडी मारतात आणि खाली पसरतात. आधी बुडी मारलेल्या पेशी सर्वांत खाली जाऊन अंतःस्तर होतात. त्यांच्यामागून आलेल्या मधे अडकून मध्यस्तर होतात. ज्या बुडी मारतच नाहीत, वरच राहतात, त्यांचा बाह्यस्तर होतो. या हालचालीला गॅस्ट्रुलेशन म्हणतात.

माणसात आद्यरेषा गर्भधारणेनंतर साधारण १५व्या दिवशी दिसते. तोपर्यंत बहुतेक बाईला दिवस गेल्याची कल्पनाही नसते.

आद्यरेषेच्या पुढच्या टोकाला एक गाठ असते. कोंबडीत तिला हेन्सनची गाठ म्हणतात. या गाठीतून पुढच्या दिशेला पेशींची एक दोरी निघते: नोटोकॉर्ड, शाळेतला पृष्ठरज्जू. माणसात ही दोरी पुढे मणक्यांच्या रांगेत जिरून जाते, पण पूर्ण नाहीशी होत नाही. 'गादी सरकली' म्हणून माणूस कंबर धरून बसतो ना, त्या दोन मणक्यांमधल्या गादीतला मऊ गर या दोरीपासूनच आलेला असतो. दोरीचं खरं काम मात्र पहिल्या महिन्यातलं आहे. ती वरच्या बाह्यस्तराला सांगते की इथे पाठ आहे, इथे मज्जासंस्था उभी कर.

आद्यरेषा काम झालं की मागे मागे सरकत पुसली जाते. क्वचित तिचे थोडे अवशेष माकडहाडाशी राहतात आणि त्यातून अर्बुद होतं. हे फारच दुर्मीळ, साधारण ३५ ते ४० हजार जन्मांत एक. त्या गाठीत केस, कूर्चा, आतड्याचं अस्तर असं तिन्ही पदरांचं काहीबाही सापडतं. बायकांच्या अंडाशयात होणाऱ्या डर्मॉइड गाठीतही केस आणि दात निघतात. ती गाठ बीजपेशीपासून होते, आद्यरेषेपासून नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखी दिसते. ऊती तिन्ही पदरांच्या आहेत, पण कोण कुणाशेजारी हा हिशेब पार विस्कटलेला आहे. म्हणून दात होतो, जबडा होत नाही.

मधला पदर आणि घड्याळ

मध्यस्तर दोरीच्या दोन्ही बाजूंना पसरतो आणि दोरीपासून किती दूर आहे त्यानुसार वाटण्या होतात. दोरीला चिकटून असलेल्या पट्टीचे ठोकळे पडतात, त्यांना सोमाइट म्हणतात. त्यांतून मणके, बरगड्या, पाठीची आतली कातडी आणि धड व हातापायांचे स्नायू होतात. त्यापलीकडची अरुंद पट्टी मूत्रपिंड आणि जननग्रंथींची. सर्वांत बाहेरचा भाग हृदयाचा, रक्तवाहिन्यांचा, हातापायांच्या हाडांचा आणि आतड्याच्या स्नायूंचा.

सोमाइटचे ठोकळे डोक्याकडून शेपटीकडे एकामागून एक सुटतात आणि ठराविक वेळाने सुटतात. कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक जोडी, उंदरात दर २ तासांनी, माणसात साधारण ५ तासांनी. पेशींच्या आत काही जनुकं त्याच तालावर सुरू-बंद होत असतात. माणसात अशा ४२ ते ४४ जोड्या पडतात, शेपटीकडच्या शेवटच्या काही जिरून जातात. सापात हे घड्याळ वाढीच्या मानाने फार जलद चालतं, म्हणून लांबी तेवढीच असताना ठोकळे बारीक आणि पुष्कळ, काही जातींत ३००च्या वर. घड्याळ चुकलं तर एखादा मणका अर्धाच होतो आणि पाठ जन्मतःच एका बाजूला वाकते. हा बाक वाढत्या वयात वाढत जातो. वेळेवर एक्स-रे काढला तर तो आटोक्यात ठेवता येतो.

काळीज आणि कलेजी

हृदयाची गोष्ट ऐकल्यावर बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही. हृदय होणारा मध्यस्तर सुरुवातीला छातीत नसतोच. तो सपाट चकतीच्या पार पुढच्या टोकाला, मेंदू होणार त्याच्याही पुढे असतो. मग चकती वाकते. डोकं पुढे येऊन खाली झुकतं आणि हृदय त्याच्याखालून आत वळून गळ्याशी, मग छातीत येतं. याच वेळी दोन्ही कडा खाली येऊन एकमेकींना मिळतात, आणि सपाट तीन पदरांची एक नळी होते: बाहेर कातडी, आत आतडं, मधे बाकी सगळं. हृदयही आधी दोन नळ्या असतात, उजवी आणि डावी. कडा मिळाल्या की त्या एकत्र येतात. कोंबडीच्या गर्भात हा मेळ प्रयोगाने रोखला तर दोन हृदयं तयार होतात आणि दोन्ही वेगवेगळी धडधडतात.

वळण पूर्ण झालं की हृदय अंतःस्तराच्या पुढच्या नळीला जवळजवळ टेकून बसतं. इथून यकृत सुरू होतं. अंतःस्तराच्या या तुकड्याला दोन वाटा मोकळ्या असतात, यकृत किंवा स्वादुपिंड. उंदराच्या गर्भातून हा तुकडा काढून एकटा वाढवला तर त्यात स्वादुपिंडाची जनुकं जागी होतात. त्याच्याशेजारी हृदयाची ऊती ठेवली, किंवा हृदयातून सुटणारी एफजीएफ नावाची प्रथिनं दिली, की तोच तुकडा यकृताकडे वळतो. कोंबडीवर आधीच झालेल्या प्रयोगांत उलट बाजूने हेच दिसलं होतं: हृदयाचा थर आणि अंतःस्तर यांच्यामध्ये आडकाठी घातली तर यकृत होत नाही.

मराठीत 'काळीज' हा शब्द कधी हृदयासाठी वापरतात, कधी यकृतासाठी. कोशकारांना ही गफलत वाटेल, पण गर्भात ही जवळीक अक्षरशः खरी आहे. कलेजीला कलेजी व्हायला शेजारी काळीज लागतं.

हृदय आणि यकृत यांच्यामधला पडदा, ज्याचं पुढे श्वासपटल होतं, मानेच्या पातळीवर सुरू होऊन खाली उतरतो. उतरताना तो आपला मज्जातंतू मानेतूनच ओढत आणतो, मानेच्या ३ऱ्या, ४थ्या आणि ५व्या जोडीतून. म्हणून यकृताला गळू झालं किंवा पित्ताशय सुजलं आणि त्याने पडद्याला त्रास दिला, तर माणूस उजवा खांदा दुखतो म्हणून सांगतो. खांद्याला मलम चोळून हे दुखणं जात नाही. खांदा हलवून दुखणं वाढत नसेल आणि सोबत ताप किंवा पोटात जडपणा असेल, तर डॉक्टर पोटाची सोनोग्राफी सांगतात त्यामागे हा चौथ्या आठवड्यातला प्रवास असतो.

फुप्फुसाचंही असंच. अन्ननळीच्या पुढच्या भिंतीतून अंतःस्तराचा एक कोंब निघतो, त्याला फांद्या फुटत जातात. फांद्या कुठे फुटायच्या हे कोंब ठरवत नाही, त्याच्याभोवतीचा मध्यस्तर ठरवतो. श्वासनळीच्या सरळ भागाभोवती फुप्फुसाजवळचा मध्यस्तर लावला तर तिथे नवीन फांदी फुटते. उलट केलं, तर फुटणारी फांदी थांबते. श्वासनळी आणि अन्ननळी वेगळ्या होताना मधे जोड राहून गेला तर बाळ जन्मल्यावर तोंडाला फेस येतो आणि पहिल्याच दुधाला ठसका लागून ते निळं पडतं. ३ ते ४ हजार जन्मांत एका बाळात हे होतं. अशा बाळाला चमच्याने दूध पाजून पाहू नये. तोंडावाटे काहीही न देता, डोक्याकडची बाजू थोडी वर ठेवून, तातडीने लहान मुलांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावं लागतं.

सांगणारा आणि ऐकणारा

शेजारी सांगतो आणि पेशी ऐकते, हे सिद्ध कसं झालं? सगळ्यांत गाजलेला प्रयोग १९२४ साली प्रसिद्ध झाला. जर्मनीत हान्स श्पेमान यांच्या प्रयोगशाळेत हिल्डे मांगोल्ड या विद्यार्थिनीने न्यूट नावाच्या पाणसरड्यासारख्या प्राण्याच्या दोन जाती घेतल्या, एक फिकट आणि एक गडद. फिकट गर्भातला पेशी जिथे आत बुडी मारतात तो ओठासारखा तुकडा कापून तिने गडद गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तुकडा राईच्या दाण्याहून कितीतरी लहान, हत्यार म्हणजे काचेची बारीक सुई आणि केसाचं वेटोळं, आणि त्या काळात प्रतिजैविकं नव्हती, त्यामुळे बहुतेक गर्भ मरत. जे मोजके जगले त्यांच्या पोटावर दुसरा गर्भ उभा राहिला: दुसरी मज्जानलिका, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून होतात ती नळी, आणि दुसरे सोमाइट. रंगावरून कोण कुठलं हे ओळखता येत होतं. नव्या मज्जानलिकेतल्या बहुतेक पेशी गडद होत्या, म्हणजे ज्याच्या अंगावर तुकडा बसवला त्याच्या. एरवी पोटाची कातडी झाली असती त्या पेशींना फिकट तुकड्याने मज्जासंस्था व्हायला लावलं होतं. निबंध छापून आला त्याच वर्षी स्टोव्हच्या भडक्यात भाजून हिल्डेचं निधन झालं. वय अवघं २५. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळालं. पारितोषिक मरणोत्तर देत नाहीत, म्हणून या प्रयोगाबद्दल बोलताना तिचं नाव आधी घ्यायला हवं.

कोंबडीतल्या हेन्सनच्या गाठीचा अभ्यास आपल्याकडेही झाला आहे. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरोला गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्या हाताखाली गर्भ अंड्याबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकून घेतलं आणि पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावर काम उभं केलं.

ऐकणाऱ्यालाही मर्यादा असते, हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग श्पेमान आणि शोटे यांनी १९३२ साली केला. बेडकाच्या गर्भातला अंगाचा बाह्यस्तर न्यूटच्या तोंडाच्या जागी लावला. शेजार सांगत होता, 'तोंड कर.' पेशींनी तोंड केलं, पण बेडकाचं: बेडकाच्या पिलाला असतात तसे चिकटण्याचे कंद आणि टणक जबडे. काय करायचं हे शेजार सांगतो. ते कसं करायचं, हे पेशीच्या स्वतःच्या जनुकांत असतं.

कोंबडीच्या कातडीतही हे पाहता येतं. वरची कातडी बाह्यस्तराची, आतली मध्यस्तराची. पिसांच्या भागातली आतली कातडी पायाच्या वरच्या कातडीखाली योग्य वयात बसवली तर खवल्यांच्या जागी पिसं उगवतात. शब्द खालून येतो, पीस वर फुटतं.

नळी मिटते तो आठवडा

एवढं सगळं माहीत नसलं तरी चालेल, पण पुढचा भाग लग्न झालेल्या प्रत्येक जोडप्याला माहीत असायला हवा.

नोटोकॉर्डच्या वरचा बाह्यस्तर जाड होतो, मधोमध खोलगट होतो आणि त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात. द्रोण करताना पान वळतं तशी ती पन्हाळी वळत जाते. कडा वर येऊन मानेच्या पातळीवर प्रथम जुळतात आणि मग तिथून चेन ओढावी तशी नळी वर आणि खाली मिटत जाते. डोक्याकडचं तोंड गर्भधारणेनंतर २५व्या दिवसाच्या आसपास बंद होतं, खालचं २७-२८व्या दिवशी. वरचं उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू होत नाही आणि बाळ जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर पाठीवर फोड किंवा पिशवी घेऊन बाळ जन्मतं, पाय लुळे राहू शकतात, लघवी-शौचावर ताबा येत नाही. याला स्पायना बिफिडा म्हणतात.

आता तारखा मांडून पाहू. डॉक्टर महिने शेवटच्या पाळीपासून मोजतात, गर्भधारणा त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. २८ दिवसांची पाळी चुकली त्या दिवशी गर्भ १४ दिवसांचा असतो. त्यानंतर दोनच आठवड्यांत नळी पूर्ण मिटलेली असते. पाळी पुढे गेली असेल म्हणून आठ-दहा दिवस वाट पाहायची, मग घरी चाचणी, मग दवाखान्याची वेळ घ्यायची, एवढ्यात ती मुदत संपते. तिथे फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. बाकी गोष्टींसाठी ती उपयोगी असते, पण नळीसाठी उशीर झालेला असतो.

म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायचं आणि पहिले १२ आठवडे चालू ठेवायचं. ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळीही सर्रास मिळते, त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचून घ्यावा. आधीच्या बाळाला असा दोष होता, किंवा आईला मधुमेह आहे, किंवा ती फिटच्या गोळ्या घेते, तर मोठा डोस लागू शकतो, तो डॉक्टरच ठरवतात. फिटच्या गोळ्यांपैकी सोडियम व्हॅल्प्रोएटमुळे या दोषाचा धोका वाढतो. पण गोळी मनाने बंद करणं त्याहून घातक. दिवस राहण्याआधीच गोळी बदलून घेण्याबद्दल विचारावं. साखरही आधीच आटोक्यात आणावी, कारण वाढलेली साखर नळीला आणि हृदयाला याच आठवड्यांत बाधते.

फॉलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) लागतं ते पेशींना दुप्पट होताना नवा डीएनए बांधायला, आणि नळी मिटताना कडेच्या पेशी झपाट्याने वाढत असतात. मेथी, पालक, हरभरा, मसूर यांत ते भरपूर असतं. पण भाजी उकळून पाणी ओतून दिलं की बराचसा भाग त्या पाण्याबरोबर जातो. नुसत्या आहारावर या काळात विसंबू नये. ब्रिटनमधल्या १९९१ सालच्या मोठ्या चाचणीत, आधी असं बाळ झालेल्या बायकांमध्ये फॉलिक ॲसिडने दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. उरलेल्या २८ टक्क्यांची कारणं दुसरी असतात, म्हणून गोळी घेऊनही दोष राहिला तर आईला बोल लावणं चुकीचं आणि क्रूर आहे.

नळी मिटताना तिच्या दोन्ही कडांवरून काही पेशी सुटून निघतात. यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. त्या बाह्यस्तराच्या, पण फिरत्या. जबड्याचं हाड, दाताच्या आतला भाग, कातडीला रंग देणाऱ्या पेशी, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा गाभा, सगळं यांचं. फ्रान्समधल्या निकोल ल दुआरँ यांनी लाव्याच्या, म्हणजे बटेराच्या, पेशी कोंबडीच्या गर्भात बसवून या पेशींचा माग काढला. लाव्याच्या पेशीचं केंद्रक रंगवल्यावर वेगळं दिसतं, त्यामुळे प्रत्येक पेशी कुठे पोचली हे मोजता आलं.

वजडीतले मज्जातंतू याच पेशींचे. त्या आतड्यात वरून शिरतात आणि खाली चालत जातात. शेवटच्या टप्प्याआधी थांबल्या तर मोठ्या आतड्याचा खालचा भाग मज्जातंतूंशिवाय राहतो. तो कधीच सैल पडत नाही, त्यामुळे मळ पुढे सरकत नाही. साधारण ५ हजार बाळांत एकाला हे होतं. जन्मल्यावर ४८ तासांत काळी शी झाली नाही आणि पोट फुगत चाललं, तर गुटी पाजत बसू नये, बाळाला दाखवून घ्यावं. शस्त्रक्रियेने हे बरं होतं.

गुर्द्याबद्दल थोडक्यात. मूत्रवाहिनीचा कोंब आणि मध्यस्तराचा गोळा एकमेकांना भेटले तरच मूत्रपिंड होतं. कोंब गोळ्याला सांगतो, गोळा कोंबाला फांद्या फोडायला लावतो. भेट झाली नाही तर त्या बाजूला मूत्रपिंडच नसतं. हजारात एखादा माणूस असा एकाच मूत्रपिंडावर आयुष्य काढतो आणि त्याला ते सोनोग्राफीत अचानक कळतं.

अंड्यात डोकावायचं असेल तर

कॉलेजात या विषयाची स्लाइड दाखवतात. जिवंत गर्भ पाहायला मिळाला तर अर्ध्या तासात जे समजतं ते तक्त्याने वर्षभरात समजत नाही. शिक्षकांच्या देखरेखीत ते अवघड नाही.

दुकानातली पांढरी अंडी चालत नाहीत. लेयर फार्मवर कोंबडे ठेवत नाहीत, ती अंडी फलित नसतात. गावाकडची, कळपात कोंबडा असलेली गावरान अंडी हवीत, आणि तीही ७ दिवसांच्या आतली. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिळणाऱ्या गावरान अंड्याचं वय विकणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं, म्हणून थेट घरून आणलेली बरी. साठवण १५ ते १८ अंश सेल्सिअसला करावी. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये टोपलीतच पारा ३५च्या वर जातो. २०-२१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो, रात्री थंडावतो, पुन्हा वाढतो, आणि अशा अंड्यांत पुष्कळ गर्भ आधीच मेलेले निघतात. प्रयोगाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

पंखा असलेल्या उबवणयंत्रात ३७.५ अंश आणि ५० ते ६० टक्के आर्द्रता ठेवावी. थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून केलेलं यंत्र चालतं, पण थर्मामीटर अंड्यांच्या पातळीवर हवा, झाकणाला नको. तिथे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या बाजूला ३८.५ अंश धरावेत. ३६ अंशांवर गर्भ मागे पडतो, ३९.५च्या वर तो विकृत होतो किंवा मरतो. अंडी आडवी ठेवावीत आणि वर आलेल्या बाजूवर पेन्सिलने खूण करावी. शाईचं मार्कर वापरू नये, कवच सच्छिद्र असतं. पिल्लं काढायची असती तर अंडी रोज फिरवावी लागली असती, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. पहिल्या दीड दिवसात पाहायचं असेल तर फिरवू नयेत, गर्भ खुणेखालीच राहतो.

३६ ते ३८ तासांनी पाहणं सर्वांत फलदायी. अंडी थंड होती तर पहिले तीन-चार तास हिशेबात धरू नयेत. पसरट भांड्यात ३८ अंशांचं ०.९ टक्के सलाइन घ्यावं, अंडं त्या पाण्यात बुडवूनच फोडावं. उंचावरून बलक पडला की त्याचा पापुद्रा फाटतो आणि गर्भ हरवतो. नळाचं पाणी वापरलं तर पेशी फुगून गर्भ पांढरा पडतो. फिल्टर पेपरची दीड सेंटिमीटर भोक असलेली चकती गर्भावर बरोबर मधे ठेवावी, मिनिटभर चिकटू द्यावी, तिच्याबाहेरून टोकदार कात्रीने गोल कापून चिमट्याने तिरकी उचलावी आणि दुसऱ्या कोमट सलाइनमध्ये हलकेच धुऊन काचेच्या वाटीत घ्यावी. पाणी गार झालं की हृदय थांबतं. ते मेलं असं समजून टाकून देऊ नये, कोमट सलाइन घातलं की बहुधा पुन्हा सुरू होतं. पाहून झाल्यावर उरलेली अंडी ७२ तासांच्या पुढे वाढवू नयेत, फ्रीझरमध्ये ठेवून मग विल्हेवाट लावावी.

दहापट भिंगाखाली डोक्याकडे तीन फुगवटे दिसतात, तो मेंदू. त्यांच्या दोन्ही बाजूंना फुटलेले कोंब म्हणजे डोळे. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच भाग, तो बाहेरच्या कातडीला टेकतो तिथे भिंग तयार होतं. मधे मज्जानलिकेची सरळ रेघ, तिच्या दोन्ही अंगांना सोमाइटच्या दहा-बारा जोड्या, विटांसारख्या ओळीत. शेपटीकडे आद्यरेषेचं उरलेलं टोक. आणि उजव्या बाजूला थोडी फुगलेली नळी लयीत आकसताना दिसते. रक्त अजून लाल दिसत नाही, ठोके मात्र मोजता येतात. त्या नळीच्या लगेच मागे अंतःस्तराची कमान असते. तिथे या घटकेला काहीच दिसणार नाही. दुसरं अंडं ५५ तासांवर उघडलं आणि त्याचे छेद रंगवून घेतले तर हृदयामागे त्याच जागी कलेजीचा पहिला कोंब फुटलेला सापडतो.